मे महिन्यातली रांग, नोव्हेंबरमधला आदेश : औरंगाबादच्या लसवाटपाचा एक प्रकरण अभ्यास

९ नोव्हेंबर २०२१ ला औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. कोरोना लसीचा किमान एक डोस घेतल्याचं दाखवल्याशिवाय रेशनचं धान्य नाही, गॅसचं सिलिंडर नाही, पंपावर पेट्रोल नाही. वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबऱ्यात जायलाही हीच अट. जिल्ह्यात पात्र लोकांपैकी साधारण ५५ टक्के लोकांनी पहिला डोस घेतला होता, राज्याचा आकडा ७४ टक्क्यांवर गेला होता आणि ३६ जिल्ह्यांत आपण २६ वे होतो. आठवडाभर आधी, ३ नोव्हेंबरला, मागे पडलेल्या जिल्ह्यांची पंतप्रधानांनी बैठक घेतली. त्या यादीत औरंगाबाद, बीड, नांदेड आणि हिंगोली असे मराठवाड्यातले चार जिल्हे होते. प्रशासनावर दबाव होता, आणि तिसऱ्या लाटेची भीतीही खरी होती.

(शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, म्हणून इथेही तेच वापरतो.)

या आदेशावर तेव्हा पुष्कळ बोलून झालं. स्वागत झालं, टीका झाली, रेशन दुकानदारांच्या डोक्याला ताप झाला. मला त्यात शिरायचं आहे ते एका वेगळ्या दारातून. नोव्हेंबरमध्ये ज्यांना रेशनच्या रांगेतून परत पाठवायचं ठरलं, ती माणसं मे महिन्यात कुठे होती? मी तेव्हा शिक्षक होतो. शाळा बंद, म्हणून मे ते डिसेंबर माझी ड्युटी जुन्या शहराच्या कडेच्या एका लसीकरण केंद्रावर, नोंदणीच्या टेबलाला. त्या टेबलावरून दिसलं तेवढंच इथे मांडतो. केंद्राचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण असं केंद्र शहरात एकच नव्हतं.

लस कशी येत होती

हे थोडक्यात. १६ जानेवारी २०२१ ला देशभर आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगारांसारखे आघाडीचे कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि आजार असलेले पंचेचाळिशीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, आणि १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस. राज्य सरकारने २८ एप्रिलला या वयोगटाला मोफत लस जाहीर केली. ५ कोटी ७१ लाख माणसं, १२ कोटी डोस, साडेसहा हजार कोटींचा खर्च. पैसे द्यायची तयारी होती, पण लसच बाजारात नव्हती. १२ मेच्या सुमारास हा वयोगट थांबवावा लागला, कारण पंचेचाळिशीच्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसलाच कोव्हॅक्सिन पुरत नव्हती. तो पुन्हा नीट सुरू झाला तो जूनच्या उत्तरार्धात, केंद्र सरकारने खरेदी स्वतःकडे घेतली तेव्हा.

पुण्याच्या राज्य भांडारातून लस आठ आरोग्य परिमंडळांकडे जायची. आमचं परिमंडळ औरंगाबाद, जालना, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांचं. उरलेला मराठवाडा लातूर परिमंडळात. परिमंडळातून जिल्हा, जिल्ह्यातून महापालिका, महापालिकेतून केंद्र. उद्या किती डोस मिळणार हे आम्हाला रात्री व्हॉट्सअॅपवर कळायचं, कधी सकाळी, आणि कधी शीतपेटी दारात उतरल्यावर. मग टोकन वाटायचं कधी? हा साधा प्रश्न आठ महिने सुटला नाही.

टोकन

मे महिन्यात आमच्या दारात पहाटे चारला रांग लागायची. माणसं नसली तर चपला, विटा, पाण्याच्या बाटल्या. दहा वाजता गेट उघडायचं, टोकन शंभर, आणि गेटवर दोनशेच्या वर माणसं. महापालिकेत तेव्हा निवडून आलेलं कुणीच नव्हतं. सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती आणि प्रशासक कारभार बघत होते. त्यामुळे तक्रार करायला नगरसेवक नव्हता, पण वशिला लावायला माजी नगरसेवकाचा कार्यकर्ता होता. तो सकाळी नऊला आत येऊन सिस्टरला म्हणायचा, "ताई, आपली दहा माणसं हायेत, बघा बरं." कधी बघितलं गेलं, कधी नाही. मी त्या टेबलावर होतो, त्यामुळे त्यातून स्वतःला वेगळं काढत नाही.

पण वशिल्याने गेलेल्या दहा टोकनांपेक्षा मोठी गळती वेगळीकडे होती, आणि तिच्यात कुणाचाच हात दिसत नव्हता.

अठरा ते चव्वेचाळीसचं सगळं सुरुवातीला ऑनलाइन. कोविन पोर्टल जूनपर्यंत इंग्रजीत, मराठी नंतर आली. स्लॉट उघडले की दोन-चार मिनिटांत संपायचे. ज्याच्याकडे चांगला फोन, घरी वायफाय आणि दुपारी मोकळा वेळ, त्याला स्लॉट. शहरात मिळाला नाही तर हीच मुलं खुलताबाद, फुलंब्री, बिडकीन असे स्लॉट धरून मोटारसायकलवर जायची. गावातली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसून बघायची. एका ओळखीच्या आशाताईंनी मला सांगितलं, "सर, दवाखाना आमचा, लस आमच्या नावाची, अन् दंड समदे शहरातले." नियमाप्रमाणे यात चूक काहीच नव्हती. पोर्टल सगळ्यांना सारखंच उघडं होतं.

मला या प्रकरणातला खरा पेच इथेच दिसतो. प्राधान्यक्रम ठरवताना वय, आजार आणि काम बघितलं गेलं. ते योग्यच होतं. पण त्या वयोगटाच्या आत पहिला कोण, हे कुणी ठरवलं नाही. ते पोर्टलने आणि पहाटेच्या रांगेने ठरवलं. पोर्टलने फोन मोजला, रांगेने मोकळा वेळ मोजला. दोन्ही बाबतींत मुकुंदवाडीतला गवंडी मागे आणि सिडकोतला बँक कर्मचारी पुढे.

पंचेचाळिशीच्या पुढच्यांना थेट येता येत होतं, पण नोंदणीला मोबाइल नंबर लागायचा आणि एका नंबरवर चारच माणसं बसायची. आता ज्या गल्लीत दहा घरांत दोन फोन, तिथे काय होणार? शेजाऱ्याचा नंबर द्यायचा. शेजाऱ्याच्या नंबरवर आधीच चार झालेले. असा एक माणूस मला आठवतो. मोंढ्यात हमाली करणारा, पन्नाशी ओलांडलेला, सगळे त्याला चाचा म्हणायचे. पहाटेपासून रांगेत उभा राहून त्याने टोकन मिळवलं, आधार कार्ड दिलं, नंबर सांगितला. पोर्टलने नंबर घेतला नाही. माझ्या स्वतःच्या नंबरवर तोवर चार जण झाले होते. सिस्टरच्याही. मागून लोक ओरडत होते. मी म्हटलं, "चाचा, दुसरा नंबर घेऊन या." त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तो गेला. त्याचं टोकन पुढच्याला.

ओळखपत्रच नसलेल्यांसाठी, म्हणजे भटके, भीक मागणारे, तुरुंगातले, अशांसाठी केंद्र सरकारची ६ मेची कार्यपद्धती होती. त्यांची नोंद एका जबाबदार व्यक्तीमार्फत करायची सोय होती. कागद चांगला होता. पण चाचाकडे ओळखपत्र होतं. तो कागदातल्या कुठल्याच वंचित गटात बसत नव्हता.

त्यात रमजान. १४ एप्रिलपासून रोजे सुरू झाले आणि ईद १४ मेची. लसीने रोजा तुटत नाही असं उलेमांनी सांगितलं होतं, तरी रोज्यात सुई टोचून घेऊन वर ताप आला तर काय, म्हणून किराडपुरा, रोशन गेट या भागातल्या कितीतरी जणांनी "ईद के बाद" म्हटलं. ईद संपली तेव्हा लस संपलेली. आणि १३ मेला कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. दीड महिन्यानंतर ये म्हणून सांगितलेल्या आजीला परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

"आजी, चौऱ्याऐंशी दिवस व्हायचेत अजून."

"आरं, तूच म्हणला व्हतास ना दीड महिन्यानं ये? मग आता?"

वैद्यकीय कारण होतं, मान्य. पण त्या दिवशी रांगेत जे बोललं गेलं ते "लस संपली म्हणून दिवस वाढवले" हेच होतं. एकदा विश्वास उडाला की तो पोर्टलवर नोंदवता येत नाही.

आम्ही केलेला प्रयोग

जुलैत पुरवठा थोडा सुधारला तेव्हा केंद्राच्या मोठ्या सिस्टरनी टोकनाची विभागणी करून बघितली. निम्मी टोकनं दुसऱ्या डोसला, उरलेल्यांतली काही ऑनलाइनवाल्यांना, आणि वीस टोकनं फक्त फोन नसलेल्यांना. ती वीस आदल्या संध्याकाळी वस्तीत जाऊन द्यायची.

पहिल्याच आठवड्यात एक तरणाबांड मुलगा आला, म्हणाला, मोबाईल नाही. चेहऱ्यावरून, बुटांवरून पटेना. तो बाहेर पडला आणि गेटबाहेर लावलेल्या गाडीच्या डिकीतून रिंगटोन वाजू लागली. सगळे हसलो. पण पुढच्या आठवड्यात असे चार निघाले आणि मग हसू येईना. सवलत कुणासाठी आहे हे जाहीर केलं की ती घ्यायला भलतेच येतात. जाहीर केलं नाही तर ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळत नाही. सिस्टरनी त्यावर काढलेला उपाय साधा होता: टोकन केंद्रावर द्यायचंच नाही, अंगणवाडीताई आणि आशाताई ज्या घराचं नाव सांगतील त्या घरात नेऊन द्यायचं. हे चाललं. पण दोन आठवडेच. मग वरून विचारणा झाली की ऑनलाइन घेतलेल्यांच्या तक्रारी का येताहेत, आणि वीस टोकनं बंद झाली. ज्याच्याकडे फोन होता त्याला तक्रार करता येत होती, हेही त्यात आलं.

तोवर खासगी दवाखान्यांत लस मिळू लागली होती. केंद्र सरकारने दर बांधून दिले होते, कोव्हिशील्ड ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिन १४१०. तिथे रांग नव्हती, खुर्ची होती, पाणी होतं. नवरा-बायकोचे कोव्हिशील्डचे चार डोस म्हणजे ३१२० रुपये. आमच्या रांगेतल्या घरांना ते परवडणारं नव्हतं. एकूण लसीतला पंचवीस टक्के वाटा खासगीला ठेवलेला होता. तो कुणाच्या दंडात गेला हे वेगळं सांगायला नको.

दहा जण जमू द्या

सप्टेंबर उजाडला आणि चित्र उलटं झालं. लस भरपूर, माणसं नाहीत. आता अडचण शीतपेटीतली नव्हती, कुपीतली होती.

कोव्हिशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. वाया गेलेल्या डोसांचा हिशोब वर द्यावा लागायचा आणि कुणालाच आपल्या केंद्राचं नाव त्या यादीत नको होतं. मग सिस्टर म्हणायच्या, "दहा जण जमू द्या, मग फोडते." सकाळी दहाला तिघे आलेले. साडेअकराला सहा. त्या सहांतला एक सेंट्रिंगचा मजूर अर्धी हजेरी टाकून आलेला असायचा. तो साडेबाराला उठून जायचा. मग पुन्हा पाच. एका दुपारी मी मोजलं: दिवसभरात व्हायल फुटावी एवढी माणसं येऊन गेली होती, फक्त ती एकाच वेळी बसलेली नव्हती. रजिस्टरमध्ये त्या सकाळचं वाया गेलेलं प्रमाण शून्य लागलं. परत गेलेल्या माणसांना रजिस्टरमध्ये जागाच नव्हती.

भीती नव्हतीच असं मी म्हणणार नाही. होती. दोन वर्षांत मरतात, मूल होत नाही, अशा अफवा मी स्वतः ऐकल्या, शिकल्यासवरल्यांच्या तोंडूनही. पण वस्तीत जास्त वेळा ऐकू यायचं ते निराळं होतं. "ताप आला तर दोन दिवसांची हजेरी कोण देईल?" त्याचं उत्तर ना आमच्याकडे होतं, ना पोस्टरवर. कन्नड-पैठणकडून आलेल्या आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या काही घरांत दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायची तयारी चाललेली. पहिला डोस आत्ता घेतला तर दुसरा चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हणजे कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर. तिथे कोण देणार, हेही कुणी सांगत नव्हतं.

आदेश रस्त्यावर उतरला तेव्हा

आदेशानंतर आमच्याकडे रांगा पुन्हा लागल्या, हे खरं आहे. आदेशाचे समर्थक तिथेच थांबतात. पण त्याच सुमारास आमच्या केंद्रावर संध्याकाळचं सत्र सुरू झालं आणि ३ नोव्हेंबरपासूनच्या 'हर घर दस्तक' मोहिमेत आम्ही लस घेऊन गल्लीत जाऊ लागलो. तिन्ही गोष्टी पंधरा दिवसांच्या आत आल्या. त्यातल्या कशाने किती माणूस आणला, हे वेगळं काढता येणार नाही. मी टेबलावर ऐकलं ते सांगतो: संध्याकाळी सातला येणारा गवंडी "रेशन बंद होतंय म्हणून आलो" असं म्हणायचा, आणि लगेच "अन् आता दिवस बुडाल्यावर बी देऊ लागले म्हणून" असंही. मे महिन्यात केंद्र संध्याकाळी उघडं असतं तर? तेव्हा आम्ही पाचला कुलूप लावत होतो.

अंमलबजावणीत आदेशाचा तोल कुठे झुकला हेही बघण्यासारखं आहे. रेशन कार्ड कुटुंबाचं असतं, लस माणसाची. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. कोरोनात त्यावर केंद्राचं माणशी पाच किलो मोफत. दुकानात एकाने अंगठा लावला की घरातल्या सगळ्यांचं धान्य मिळतं. मग प्रमाणपत्र कुणाचं बघायचं? आदल्या आठवड्यात लस घेतलेल्या सुनेला पाठवलं की काम झालं. म्हातारी एकटी राहत असेल तर तिची अडचण. आमच्या रस्त्यावरच्या पंपावर मात्र मी त्या महिन्यात चार वेळा पेट्रोल भरलं आणि एकदाही मला कुणी काही विचारलं नाही. पंपावरच्या पोराने चारचाकीवाल्याला काच खाली करायला लावून प्रमाणपत्र मागावं, अशी अपेक्षाच भाबडी होती. रेशन दुकानदाराला ते जमत होतं, कारण समोरचा गरीब होता.

मराठवाड्यातल्याच हिंगोलीत नगरपालिकेने डिसेंबरमध्ये लस घेणाऱ्यांसाठी लकी ड्रॉ ठेवला: टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज. तो उपाय मला जास्त माणुसकीचा वाटतो. तरी दोन्हींच्या मुळाशी समज एकच होता, की माणसं येत नाहीत कारण त्यांना यायचं नाही.

कायद्याचं पुढे काय झालं तेही नोंदवतो. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की संमतीशिवाय कुणाला लस द्यावी असं धोरण नाही. २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, आणि लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत असंही. तोवर आमच्या गल्लीतला विषय संपलेला होता.

५५ टक्के कुणाचे

आकड्यांबद्दल एक गोष्ट राहते. कोविन डोस मोजायचं तो केंद्रानुसार. शहरातल्या मुलाने फुलंब्रीत घेतला तर फुलंब्रीचा. वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या आणि औरंगाबादेत राहणाऱ्या कामगाराने कंपनीत घेतला तर वाळूजचा. जालन्याहून शिकायला आलेल्या मुलीने इथे घेतला तर इथला. आणि भागिले कशाने? २०११ च्या जनगणनेवरून वाढवत आणलेल्या अंदाजाने. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. दहा वर्षांत शहर पैठण रोडला आणि देवळाईकडे किती पसरलं हे इथे राहणाऱ्याला विचारा. त्यामुळे जिल्ह्याच्या पातळीवर हा आकडा ठीक, पण कुठल्या गल्लीला लस पोहोचली नाही हे त्यातून कळत नव्हतं. ते कळायला घरोघर जावं लागलं, आणि आम्ही गेलो ते नोव्हेंबरमध्ये.

जाताना सोबत एक तक्ता होता. तो मीच आखला होता, शाळेच्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर. लस न घेण्याचं कारण, रकाने चार: भीती, आजारपण, गावाला गेले, नकार. तिसऱ्या की चौथ्या दारात चाचा. हातात पिशवीत गुंडाळलेलं रेशन कार्ड, दुकानदाराने परत पाठवलेलं होतं. मी नेहमीच्या सुरात विचारलं, अजून लस का घेतली नाही?

"मैं तो आया था ना सर, मई में. तुमीच बोले थे, दूसरा नंबर लेको आव."

सिस्टरनी त्याला तिथेच, ओट्यावर बसवून लस दिली. नंबर या वेळी सिस्टरच्या मुलाचा दिला. मी तक्त्यात त्याची खूण करायला गेलो आणि थांबलो. मग पेनाने कडेला पाचवा रकाना ओढला आणि वर लिहिलं, "आले होते." त्या दिवसापुरतं प्रत्येक दारात तेही विचारायचं ठरवलं. गल्लीच्या टोकाशी पोहोचलो तेव्हा त्या रकान्यातली जागा संपली होती आणि मी समासात खुणा करत होतो.

संध्याकाळी अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवायचा होता. वरून आलेल्या नमुन्यात कारणांना जागा नव्हतीच, फक्त दोन आकडे मागितले होते: आज दिलेले डोस आणि नकार. खुणा कशात घालायच्या म्हणून मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "नकारात टाका, सर. उशीर होतोय."